वारुळापासून पुढे

पुढे जे सांगणार आहे, ते माझ्या पत्नीला माहीत नव्हते, आमच्या चर्चच्या पाळकांना माहीत नाही, आणि ज्या मंडळीपुढे मी इतकी वर्षे उभा राहून बोललो, तिलाही नाही. प्रार्थनेत सांगितले असेल, असे तुम्ही म्हणाल. तिथेही नाही. प्रार्थनेत मी नेहमी ‘आमच्या चुका’ असे म्हणत आलो — अनेकवचनात. अनेकवचनात माणसाला लपायला जागा पुष्कळ असते, नाही का?

मी शिक्षक होतो. कोणतीही गोष्ट आधी नीट मांडून घ्यायची आणि मग शिकवायची, ही माझी सवय. हीही तशीच मांडतो. वाट लांबली तर कंटाळू नका. मी ती मुद्दाम लांबवतो आहे का, हे माझे मलाच नीट कळत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि माझी नेमणूक धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गावात होती. वीज नव्हती. शाळा गावाच्या टोकाला, शाळेमागे साग आणि मोहाची झाडी, झाडीतून एक पायवाट, वाटेच्या शेवटी नाला आणि नाल्यापलीकडे चार-दोन घरांचा टोला. आमच्या मंडळीची घरे मोजकीच. रविवारी उपासना झाली की शाळेच्या ओसरीवर मी मुलांना पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गोष्टी सांगत असे. एका पाटीवर फ्लॅनेलचे कापड ताणून बसवले होते. कागदी चित्रांच्या पाठीला खरखरीत सँडपेपर चिकटवला की ती त्या कापडाला धरून राहत. दानिएल आणि सिंह, वाळवंटातली हागार, मेंढपाळ आणि त्याची मेंढरे — सारी चित्रे मी स्वतः कापलेली, स्वतः रंगवलेली. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मी एकच प्रश्न विचारत असे : देव कुठे आहे? आणि मुले एका सुरात म्हणत — इथंच हाय, गुरुजी!

आता त्या गावची एक रीत सांगितली पाहिजे. दिवस कलल्यावर लेकरू किंवा म्हातारे माणूस नाल्यापलीकडे एकटे जात नसे. अलीकडच्याने त्याला नाल्याच्या काठापर्यंत हात धरून न्यायचे आणि काठावरून हाक द्यायची — ‘सोडली हो!’ पलीकडचे माणूस तोवर पाण्यात उतरलेले असे. हात त्याच्या हातात आला की ते उलट हाक देई — ‘घेतली हो!’ ती हाक कानी पडल्याशिवाय अलीकडच्याने माघारी वळायचे नाही. म्हणजे वाटेवरचे माणूस एक क्षणही कोणाच्या हाताशिवाय राहू नये. मी त्या गावात जे शिकवत होतो, ते गाव या रीतीने कितीतरी आधीपासून करीत होते. हे मला तेव्हा दिसले नाही.

एस्तेर त्या टोल्यावरची. वय नऊच्या आसपास. वडील घुग्घुसच्या कोळसा खाणीत पाळीवर, घरी कधीमधीच येत. आई सुगंधाबाई शेतमजुरी करी. नाताळच्या नाटकात मी एस्तेरला देवदूताचे काम दिले होते. मेंढपाळांना ‘घाबरू नका’ म्हणून धीर देणारा देवदूत. तालीम शाळा सुटल्यावर चाले आणि हिवाळ्याचा दिवस लवकर बुडे. म्हणून तालमीनंतर तिला नाल्यापर्यंत नेणे माझ्याकडे आले. सुगंधाबाईने स्वतः येऊन सांगितले होते, ‘‘गुरुजी, तुमी हाय म्हून धाडतो. दुसऱ्या कोनाच्या भरवशावर नाई धाडली असती.’’

सुरुवातीला मी रोज काठापर्यंत गेलो. खरोखर गेलो.

मग वाघाने त्या बाजूला एक गोऱ्हा मारला. मी शहरात वाढलेला माणूस. ते अर्धवट खाल्लेले जनावर पाहायला सारा गाव गेला, तसा मीही गेलो. त्या दिवसापासून झाडीत शिरले की मी पुन्हापुन्हा मागे वळून पाहत असे. वाटेच्या मध्यावर, माणसाच्या छातीइतके उंच, एक वारूळ होते. तिथवर शाळेची ओसरी मागे दिसत राही. त्यापुढे वाट वळे आणि काहीच दिसत नसे. एका संध्याकाळी मी वारुळापाशी थांबलो. तिथूनच जोरात हाक दिली आणि एस्तेरला म्हणालो — तुम्ही हे नीट ऐका — म्हणालो, ‘‘इथून पुढे देव तुझा हात धरून नेतो. जा.’’

ती धावत गेली. थोड्या वेळाने पलीकडून ‘घेतली हो’ आले. काही बिघडले नाही. दुसऱ्या दिवशीही मी वारुळापाशीच थांबलो, तिसऱ्या दिवशीही. भित्रेपणा पहिल्या दिवशी लाज आणतो. पुढे त्याची सवय होते, आणि माझ्यासारखा माणूस त्या सवयीला पाठाचे रूप देतो. मी स्वतःला समजावले, की मी तिला श्रद्धा शिकवतो आहे.

एके दिवशी तिने विचारले, ‘‘गुरुजी, देव हात धरते म्हन्ता, पन हाताले तं काईच लागत नाई.’’

श्रद्धा ठेव, मी म्हणालो.

जरा चालल्यावर पुन्हा, ‘‘देव माह्या संगं हाय, हे वाघाले ठाऊक हाय का?’’

मी हसलो. दानिएलाच्या गोष्टीची आठवण करून दिली. दानिएलाला सिंहांच्या गुहेत टाकणारे लोक बाहेरच राहिले होते, सुरक्षित — हा तपशील त्याच गोष्टीत आहे, आणि मी त्या लोकांत होतो. हे तेव्हा कळले नाही असे म्हणू? कळले होते. थोडेसे कळले होते.

त्या संध्याकाळी आम्ही वारुळापाशी पोहोचलो, तोच नाल्याच्या बाजूने वानरांचा ओरडा उठला. वाघ किंवा बिबट दिसल्यावर ती ओरडतात तसा. मग चितळ ओरडले. माझ्या हातात तिचा हात होता. तिची बोटे घट्ट आवळलेली मला आजही आठवतात, कारण मला ती सोडवावी लागली. मी ‘सोडली हो’ म्हणून ओरडलो, तिला ‘जा, देव आहे’ म्हणालो, आणि मागे फिरलो. चालत नाही. जवळजवळ धावतच.

ओसरीवर येऊन उत्तराची वाट पाहिली. ‘घेतली हो’ आले नाही. मग पलीकडून सुगंधाबाईचा आवाज आला, ‘‘गुरुजी, सोडली का? पोर दिसत नाई! गुरुजी!’’

मला उत्तर देता आले असते. माझा आवाज तिथवर नक्की पोहोचला असता. पण तो काठावरून आला नसता, ओसरीवरून आला असता, आणि मी कुठे उभा आहे हे तिला कळले असते. म्हणून मी गप्प राहिलो. आई हाक मारीत होती — आणि मी आत जाऊन दार लावले आणि गुडघे टेकले. होय, प्रार्थनेला बसलो. कोणी विचारले असते तर सांगायला ते बरे होते. ‘प्रभू, तिच्यासोबत राहा,’ असे मी म्हणत होतो. ज्या कामाला मला पाठवले होते, ते मी परत देवाकडे ढकलत होतो.

एस्तेरला वामनभाऊंनी शोधले. वामनभाऊ गावातले बौद्ध शेतकरी. त्यांचे शेत वाटेला लागून होते. सुगंधाबाईच्या हाका ऐकून त्यांनी टेंभा पेटवला, दोघा-तिघांना डबे वाजवायला लावले आणि ते झाडीत शिरले. पोर वारुळाला पाठ लावून बसली होती, उजवा हात पुढे धरून. शाळा जवळ म्हणून तिला माझ्याकडेच आणले. मागोमाग ओल्या लुगड्याने सुगंधाबाई आली.

‘‘गुरुजी, नाल्यापावतर गेलते ना तुमी?’’

विचारण्यात संशय नव्हता. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचे होते. आणि मी म्हणालो — माझ्या वर्गात बोलायच्या त्याच स्पष्ट, सावकाश आवाजात — ‘‘हो. काठावर सोडली. मीच हाक दिली ना? नंतर मधूनच मागे फिरली असेल.’’

सुगंधाबाईने पोरीच्या थोबाडीत मारली. मग तिला छातीशी धरले, मग पुन्हा मारली. ‘‘काऊन फिरली? सांग, काऊन फिरली?’’

एस्तेरने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही, पण ती पाहते आहे हे मला कळत होते. मग ती म्हणाली, ‘‘हो माय. मीच फिरली.’’

मी तिला कधी खोटे बोलायला शिकवले नव्हते. तिने ते माझ्यासाठी, त्याच क्षणी, स्वतःच शिकून घेतले.

वामनभाऊ टेंभा विझवत होते. त्यांना काही उमगले होते का, ठाऊक नाही. हसत म्हणाले, ‘‘गुरुजी, उद्यापासून पोरीले मीच नेतो. माह्या बापाच्या वक्तापासून आमच्या घरात देव नाई ना, म्हून आमाले लेकराच्या संगं मानूसच धाडा लागते.’’ सगळे हसले. मीही हसलो. नाताळापर्यंत रोज संध्याकाळी त्यांची हाक काठावरून येई, अगदी पाण्याच्या कडेवरून. मी ती ओसरीवर बसून ऐकत असे. नाटकात एस्तेरने आपले वाक्य न अडखळता म्हटले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इथेच संपले असते तर कदाचित मी हे लिहिले नसते. पण खोटे तिथेच राहिले नाही. ‘अर्ध्या वाटेतून फिरणारी पोर’ हे एस्तेरचे वर्णन झाले. सुगंधाबाई ते थट्टेत म्हणे, मग थट्टा सोडून म्हणू लागली. गावातली सातवी झाल्यावर चंद्रपूरच्या एका वसतिगृहात तिला पाठवता येणार होते. ती हुशार होती, जागाही मिळत होती. सुगंधाबाई माझ्याकडे आली.

‘‘तुमीच सांगा, गुरुजी, धाडू का? मले हिचा भरवसा वाटत नाई. वाटेतून फिरते हे.’’

एका वाक्याचे काम होते. ती फिरली नव्हती, मी फिरलो होतो — एवढेच. मी म्हणालो, ‘‘आईचे मन काय म्हणते, ते पाहा.’’ एस्तेर दाराशी उभी होती. तिने या वेळी माझ्याकडे पाहिलेही नाही. वर्ष-दोन वर्षांत तिचे लग्न होऊन ती गोंडपिपरीकडे गेली. सुगंधाबाई वारली तेव्हा कबरीपाशी प्रार्थना मीच केली. तोवरही तिला खरे माहीत नव्हते.

उत्तम मेंढपाळाच्या गोष्टीत आणखी एक माणूस येतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. मजुरीवर ठेवलेला राखणदार. लांडगा येताना दिसला की तो मेंढरे टाकून पळतो. त्या गोष्टीसाठी मी मेंढपाळ कापला, मेंढरे कापली, लांडगाही कापला. त्या माणसाचे चित्र मी कधी कापले नाही. त्या दिवसानंतर ती गोष्ट सांगताना तो भाग मी वगळत आलो. निवृत्त होईपर्यंत वगळला.

आणि देव सदैव जवळ असतो, हे मात्र शिकवत राहिलो. मी ते मानत नव्हतो, असे समजू नका, आजही मानतो. पण ते मी नेहमी धीर देण्यासाठीच सांगितले. जो वारुळापाशी होता, तोच ओसरीवरही होता, लावलेल्या दाराच्या आतही होता आणि माझे ‘हो, काठावर सोडली’ त्यानेही ऐकले — ही त्या पाठाची दुसरी बाजू मी कोणत्याच मुलाला शिकवली नाही.

मागच्या हिवाळ्यात मी गोंडपिपरीला एस्तेरकडे गेलो. हेच सांगायला गेलो होतो. तिचे घर शेतात आहे. आता तिचेही केस पिकले आहेत. रविवारी आसपासच्या मुलांना जमवून ती शास्त्रातल्या गोष्टी सांगते. दिवसभर तिने मला आग्रहाने जेवू घातले आणि मी हवापाण्याचे बोलत राहिलो. निघताना नको म्हटले तरी ती रस्त्यापर्यंत सोबत आली. दिवस स्वच्छ होता, वाटेत भीतीचे काही नव्हते. तरी तिने माझा हात धरला होता.

चालता चालता तीच म्हणाली, ‘‘त्या सांजची गोष्ट मी लेकरायले सांगतो, गुरुजी. देव आलता म्हून सांगतो. टेंभा घेऊन आलता.’’

‘गुरुजी काठापर्यंत आले होते का’ असे तिच्या मुलांनी कधी विचारले का, हे मी तिला विचारले नाही. तिने पावले जरा हळू केली. मी बोलावे म्हणून तिने ती जागा ठेवली होती, असे मला वाटले. मी रस्त्याकडे पाहत राहिलो. गाडी आली.

तिने मला पायरीवर चढवले, कंडक्टरला म्हणाली, ‘‘भाऊ, आमच्या गुरुजीले खिडकीपाशी बसवा जी,’’ आणि मी बसेपर्यंत खाली उभी राहिली. मग लहानपणीसारखी हसली आणि तोंडाशी हात धरून म्हणाली, ‘‘सोडले हो, गुरुजी!’’

पलीकडून उत्तर द्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हते. ती तिथेच थांबली होती. उत्तर आल्याशिवाय वळायचे नाही, ही रीत तिला पाठ होती. मी खिडकीची काच ओढून घेतली.