हानेदांची मोगरी, अकोसुआचा हात

अकोसुआला जपानमधल्या या गल्लीत येऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळी दार उघडताना ती अजून आधी कडीकडे बघते. कडीला कधी मुळ्याची जुडी, कधी संत्र्यांची पिशवी. कुणी ठेवलं ते ठेवणारा सांगत नाही. मुळ्याला माती असेल तर तोकुए आजी. धुऊन-पुसून ठेवलेला असेल तर खालचे तोफूवाले हानेदा. घानातल्या आईला ती फोनवर सांगते, "इथले लोक बोलत नाहीत गं, भाजी पाठवतात."

वर्ष संपता संपता मात्र गल्ली बोलू लागते, कारण तेव्हा नव्या वर्षाच्या गोळ्यांसाठी वाफवलेला चिकट तांदूळ सगळ्यांनी मिळून कुटायचा असतो. एकाने मोगरी हाणायची आणि दुसऱ्याने दोन घावांच्या मध्ये ओला हात उखळात घालून गोळा उलटायचा. उलटायचा मान तोकुए आजीचा. यंदा तिचं मनगट सुजलं आणि लोक म्हणाले, आता कुटायचं यंत्रच आणू.

 अकोसुआच्या माहेरी भाऊ मुसळ हाणायचा आणि ती उखळाशी बसून उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा गोळा उलटायची. ती ठपठप इथे वर्षातून एकदा कानावर पडायची, तीही जाणार.

"मी उलटते," ती म्हणाली.

आजीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "बोटं सगळी जाग्यावर आहेत ना? मग उलट. पण गुठळ्या राहिल्या, तर पुढच्या वर्षी यंत्र."

मोगरी हानेदांकडे. अंगाने आडदांड, स्वभावाने गोगलगाय.

"अहो बाई, मारू का?"

"मारा."

"मारतो हं." ठप. "लागलं नाही ना?"

"मला नाही लागलं. तांदळालाही नाही."

"माफ करा हं. आता मारू?"

दर घावाला हानेदा मोगरी खांद्यावर घेऊन कमरेत वाकायचे. अकोसुआलाही आता इथली सवय, तीही उत्तरादाखल वाकायची. तेवढ्यात तांदूळ निवायचा.

"लग्न ठरवताय की तांदूळ कुटताय?" बाकावरून आजी म्हणाली. पहिल्या खेपेतली चिमूट तिने तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "हे नगरसेवकाकडे पाठवा."

दुसऱ्या खेपेला हानेदांना घाम फुटला. "बाई, मला तुमचा हात दिसतो आणि त्याच्यामागे हवालदार दिसतो."

"हात बघूच नका. माझा भाऊ शेजारणीकडे बघत कुटायचा. तुम्ही थांबता ना, मग हात कधी घालायचा तेच मला कळत नाही. थांबलात तर लागेल."

आणि माहेरी कुटताना आई द्यायची, त्या सुरात तिने हाळी दिली: "हं—हो, हं—हो." 'हं'ला मोगरी, 'हो'ला हात. हानेदांनी डोळे घट्ट मिटले. एक घाव, दुसरा, तिसरा. वाकायचं राहूनच गेलं. टोपी घसरून कानावर आली, तेही त्यांना कळलं नाही. गल्लीने टाळ्यांचा ठेका धरला.

आजीने चिमूट घेतली. बराच वेळ चघळली.

"गुठळी नाही," ती म्हणाली. "पण एवढी घाई? गाडी पकडायचीय की काय?" मग मागे वळून, "यंत्रवाल्याला सांगा, येऊ नको म्हणावं."

अकोसुआचे दोन्ही हात चिकट झालेले. नाकाला खाज सुटली तरी खाजवता येईना. आजीने सुजल्या हाताने तिळात घोळलेला गरम गोळा तिच्या तोंडात कोंबला.

"चाव नीट, घशात अडकेल."

ती चावत असतानाच हानेदांनी 'मारू का?' न विचारता पुढच्या खेपेची मोगरी उचलली.