डीव्हीडी का रखडली, हे न सांगणाऱ्या वसुधाताई

नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत मी नोकरी मागायला गेले, तेव्हा वसुधाताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "फोनवर गप्प बसता येतं का?" मी चक्रावले. जाहिरात फोन घेणारी बाई हवी अशी होती. पुढे फोन घेता घेता त्या प्रश्नाचा अर्थ कळत गेला आणि कित्येकदा संतापही आला.

जुन्या नाटकांची चित्रमुद्रणं स्वच्छ करून त्यांच्या डीव्हीडी काढायच्या, हे ताईंचं काम. त्यांची एक रीत आहे. नाटकातला जो कलावंत हयात असेल, त्याने आमच्यासोबत बसून डीव्हीडी अथपासून इतिपर्यंत पाहिल्याशिवाय ती बाजारात जात नाही. हक्क निर्मात्याकडून रीतसर घेतलेले असतात, कायद्याने याची काही गरज नसते. तरी ताई थांबतात.

एका दिवाळीला आमची सर्वांत जास्त मागणी असलेली डीव्हीडी येणार होती. मंदाकिनीबाईंची प्रमुख भूमिका. एकही शब्द कधी न चुकलेली नटी असा त्यांचा लौकिक. वारज्याहून बाई हौसेने पाहायला आल्या. तिसऱ्या अंकात रंगमंचावरच्या बाई बोलता बोलता थांबल्या आणि विंगेतून विसरलेला शब्द पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरचा आवाज आला. पुन्हा थांबल्या, पुन्हा आवाज. मूळ टेपच्या खरखरीत तो आजवर बुडून गेला होता. आम्ही खरखर काढण्यात इतकी कमाल केली की तो खणखणीत वर आला. कमी करावा, तर नुसती बाईंची गप्प उभी आकृती उरत होती.

"हे लोकांना ऐकू जाणार?" बाईंनी विचारलं. चहा तसाच टाकून त्या निघून गेल्या.

ताईंनी डीव्हीडी थांबवली. मग सुरू झाले फोन. टेप जळाली, कंपनी बुडाली, ताई अंथरुणाला खिळल्या, नाटक कुण्या ऑनलाइनवाल्याला विकलं! रसिकांच्या ग्रुपवर रोज नवी अफवा. एक निवृत्त गृहस्थ खडकवासल्याहून स्कूटरवर आले आणि खुर्चीत ठाण मांडून बसले.

"अहो, निदान तांत्रिक अडचण आहे एवढं तरी म्हणा."

"नाहीये तांत्रिक अडचण," ताई म्हणाल्या.

"मग काय आहे?"

"चहा आहे. घेणार का?"

ते तणतणत गेले. मी ताईंना म्हटलं, एखादं कारण फेकायला काय हरकत आहे? ताई म्हणाल्या, "एक कारण दिलं की लोक दुसरं विचारतात. तिसऱ्या प्रश्नाला बाईंचं नाव निघतं. मग सगळे वारज्याला."

पण नाव निघालंच. "बाईंनीच अडवलं असणार," असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलं. पाठोपाठ बाईंचा नंबरही फिरला. ऐंशी उलटलेली एकटी बाई आणि दारात जाब विचारणारी माणसं! "आता तरी नाही म्हणून सांगू या," मी अक्षरशः ओरडले. ताई शांतच. "इतके दिवस एकही अफवा नाकारली नाही. हेच नाकारलं, तर हेच खरं ठरेल."

मला त्यांचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवसापासून ताई दुपारच्या कचेरीत दिसेनात. त्या बाईंच्या घरी जाऊन बसत होत्या, हे मला पुढे बाईंकडूनच कळलं. फोन वाजला की स्वतः उचलायच्या, "बाई झोपल्यात," म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. डीव्हीडीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. शेवटी बाईंनीच विचारलं, "वसुधा, माझं नाव सांगून मोकळी का होत नाहीस? एका वाक्यात सुटशील."

"मग तुम्ही अडकाल."

त्या आठवड्यात बाई पुन्हा आल्या. तिसरा अंक लावायला सांगितला. विंगेतला तो आवाज आला आणि बाईंनी डोळे मिटले. "आमचा प्रॉम्प्टर. बिचाऱ्याचा आवाज दुसरीकडे कुठे उरलाय? राहू द्या. आणि नावांच्या यादीत त्याचंही नाव घाला."

डीव्हीडी आली, खपली. उशीर का झाला, हे आजतागायत कुणालाच कळलेलं नाही. अफवा मात्र अजून चालू आहेत.

ताईंच्या पंचाहत्तरीसाठी हा लेख लिहायला घेतला, तेव्हा त्यांनी बजावलं, "तिसऱ्या अंकाबद्दल एक अक्षर नको." मी थेट मंदाकिनीबाईंना फोन केला.

"लिही," बाई म्हणाल्या. "मी विसरले होते, असं माझ्या नावानिशी लिही. नाहीतर माझ्यापायी ती जन्मभर शिव्या खात बसेल."

ताई, आपला शब्द मी मोडला आहे. माझ्यावर मनसोक्त रागवायला आपल्याला ठणठणीत प्रकृतीची खूप खूप वर्षं मिळोत.