खिडकीतले बोळे

मुलीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे, धायरीच्या फ्लॅटवर झालं. थंडीचे दिवस. मालिश झाली की बाळ-बाळंतिणीला शेगडीचा शेक द्यायचा, ही आमची पद्धत. पण निखाऱ्यांनी नव्या छताला काजळी धरेल, म्हणून मी शहाणीनं छोट्या सिलिंडरवर चालणारा गॅसचा हीटर आणला. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी लावली, फटींत जुन्या साडीचे बोळे कोंबले. वा रे हुशारी!

मालिशवाल्या मावशी जवळच्याच गावठाणातल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आक्का, खिडकी वाईच उघडा. गॅस हाय ह्यो. माझं डोकं जड झालंय."

"मावशी, आपण मालिश करा. सल्ले द्यायला डॉक्टर आहेत."

"आई, मलाही गरगरतंय गं," मुलगी म्हणाली.

"बाळंतिणीला गरगरतंच," म्हणत मी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळायला बसले.

थोड्या वेळानं धाडकन आवाज आला. धावले, तर मुलगी पलंगाशी पडलेली. मावशींनी हीटर बंद केला, बोळे उपसून खिडकी उघडली आणि बाळाला घेऊन गॅलरीत पळाल्या. मी नुसती "अगं बाई, अगं बाई" करत उभी. बाळ रडलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

हॉस्पिटलात मायलेकींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत असा हीटर लावला की विषारी वायू साठतो. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. जावयांनी विचारलं, "खिडकी कुणी बंद केली होती?" मावशी शेजारीच उभ्या होत्या. आणि मी मेली म्हणाले, "मावशींनी."

जावई त्यांना वाट्टेल ते बोलले. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवी उचलली आणि निघून गेल्या. आमच्या सोसायटीतली त्यांची बाकीची कामंही सुटली. मला भयंकर लाज वाटली, पण तोंड काही उघडलं नाही.

नात आता चार वर्षांची आहे. मुलीला पुन्हा दिवस गेलेत. परवा म्हणाली, "आई, या वेळी बाळंतपण सासरीच. पण मालिशला त्याच मावशी हव्यात. तू जाऊन विचार."

"अगं, पण त्या..."

"हॉस्पिटलात मी शुद्धीवर होते, आई. तू काय बोललीस ते ऐकलंय मी."

चार वर्षं पोरीनं माझी अब्रू राखली. मावशींच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी दोनदा गेले. दोन्ही वेळा कोथिंबिरीची जुडी घेऊन परत आले.