चिंचवाडीची राहिलेली दवंडी

दहिगव्हाण-खैरखेड गट ग्रामपंचायत आता नाही. शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यात, घोडनदीच्या अंगाला ती होती. दोन गावं, एक चिंचवाडी आणि तिघांत मिळून एक ऑफिस. भांडणं मात्र ज्याची त्याची स्वतंत्र. दहिगव्हाणचे म्हणायचे, पट्टी आम्ही भरतो आणि रस्ते खैरखेडला होतात. खैरखेडचे म्हणायचे, सरपंच बरा कायम तुमचाच निघतो. शेवटी वेगळं व्हायचं यावर दोन्ही गावांचं एकमत झालं. एवढं एकमत त्या पंचायतीच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं.

प्रश्न राहिला चिंचवाडीचा. वाडी आमच्या दहिगव्हाणच्या वेशीला लागून, तिथं कुणी शिंकलं तर आमच्या पारावर कळतं. पण सरपंच हौसरावांना वाडीची मतं नको होती. वाडी तुटली की गावात त्यांना जाब विचारणारं कुणी उरत नव्हतं. म्हणून तिला ओढ्यापलीकडच्या खैरखेडला जोडायचं आतल्या आत ठरलं. ग्रामसभेत वाडीकर उभे राहिले असते तर हे जमलं नसतं. पण त्या सभेला वाडीतून एकही माणूस आला नाही, कारण वाडीत दवंडीच झाली नव्हती.

दवंडी द्यायचं काम अयुब मुलाणीचं. अयुबभाई पंचायतीचा शिपाई, अंगानं काडी, पण पितळी थाळीवर दांडी मारून त्यानं ‘ऐका हो’ म्हटलं की नदीकाठचे बगळे उठायचे. घराघरात मोबाईल आले तरी सभेची दवंडी त्याचीच. मोबाईलवरचा निरोप वाचला नाही म्हणता येतं, अयुबभाईची दवंडी ऐकली नाही म्हणायची सोय नव्हती. वाडीत त्याच्या तीन जागा ठरलेल्या. आधी चिंचेखाली, मग मारुतीपुढं, मग मागच्या आळीला.

चिंचेसमोर झुंबरबाईचं घर. ती वाडीची पंचायत सदस्य. थाळी वाजली की हातातलं टाकून बाहेर यायची आणि एकेकीला नाव घेऊन हाका मारायची. माणसं शेतात असली तर बांधावर जाऊन सांगायची. दवंडी अयुबची, पण वाडीला ती कळायची झुंबरबाईकडून.

त्या दिवशी अयुबभाईच्या घरी त्याच्या सुमैयाला बघायला शिक्रापूरचे पाहुणे यायचे होते. दहिगव्हाण आणि खैरखेड उरकून तो वाडीकडं निघाला, तेव्हा हौसरावांनी त्याला ऑफिसच्या दारात थांबवलं. तू घरी जा, लेकीचं काम आधी, वाडीला मी फोन लावतो, असं गोड बोलले. हौसराव कुणाच्या लेकीची काळजी करणाऱ्यांतले नव्हते. फोन लागणार नाही, हे अयुबभाईला तिथंच कळलं. तरी तो घरी गेला. सभेत ग्रामसेवकानं विचारलं, वाडीत दवंडी झाली का. अयुबभाईनं हो म्हणून मान हलवली.

पंचायत फुटली. वाडीकरांना दाखल्यासाठी, रेशनसाठी खैरखेड गाठायची वेळ आली. पावसाळ्यात ओढा भरला की पुलावरून लांबचा वळसा. समोर आमचं ऑफिस दिसायचं, पण ते आता त्यांचं नव्हतं. त्यांनी शिरूरला जाऊन हरकत घेतली, तर उत्तर मिळालं की ग्रामसभेत तुमच्यातल्या कुणी विरोध केला नाही. मग वाडीत दोषी शोधायला सुरुवात झाली. अयुब तर दवंडी दिली म्हणतो. दुपारची वेळ, माणसं शेतात, घरी असणार झुंबरबाई. म्हणजे तिलाच ऐकू आलं नाही. मारुतीपुढं किंवा मागच्या आळीला तरी कुणी ऐकलं का, हे कुणीच विचारलं नाही. एकदा दोषी सापडला की माणसांना पुढचे प्रश्न सुचत नाहीत.

आणि झुंबरबाईनं ते मान्य केलं, याचं मला अजून नवल वाटतं. थाळी दारात वाजली आणि आपल्याला कळली नाही, म्हणजे आपलेच कान गेले. ती पुन्हा निवडणुकीला उभी राहिली नाही. भजनात पुढं बसायची, ती मागं भिंतीला टेकून बसायला लागली. पोरं तिच्यामागं ‘बहिरी सदस्य’ म्हणायची, तेही ती ऐकून घ्यायची.

अयुबभाई दर ईदला तिच्याकडं शिरखुर्म्याचा डबा घेऊन जायचा. पंचायत फुटली त्या वर्षी तो गेला, तर झुंबरबाईनं त्याच्यापुढं हात जोडले. म्हणाली, “माझ्या दारात ओरडून घसा फोडला तू आन् मी बसले आत. तुझी मेहनत वाया घालवली रं. पोटात घाल.”

तो डबा ठेवून उठला. घरी येऊन त्यानं बायकोला, मुमताजभाभींना सगळं सांगितलं. खरं बोलणार नसाल तर पुढच्या ईदला डबा भरून देणार नाही, असं त्या म्हणाल्या. मला हे त्यांनीच सांगितलं. पण ईद आली की त्या डबा भरायच्या, तो न्यायचा, आणि काही न सांगता तसाच परत यायचा. मन त्याला खायचं. रिटायर झाल्यावर गावानं शाल-नारळ दिला, ती शाल त्यानं एकदाही अंगावर घेतली नाही. लोकांना वाटलं, जपून ठेवली असेल.

वर्षं गेली आणि झुंबरबाईला खरंच ऐकू येईना झालं. मुलानं दौंडहून कानाचं मशीन आणलं. ते शिट्टी मारतं म्हणून तिनं डब्यात घालून ठेवलं.

यंदा खैरखेडची निवडणूक लागली आणि झुंबरबाईची सून सुलक्षणा वाडीतून उभी राहायला निघाली. शिकलेली, धडाडीची बाई. वाडी परत दहिगव्हाणला जोडून घेण्यासाठी भांडणार होती. पण सासूनं तिला अडवलं. आपल्या घराच्या चुकीनं वाडीचं वाटोळं झालं, आता पुन्हा आपल्याच घरातून कुणी उभं राहायचं नाही. सुलक्षणा सासूचा शब्द मोडणारी नव्हती. बाजारात अयुबभाई भेटला तेव्हा तिनं सहज सांगितलं, मामा, सासूबाई नको म्हणतात, मी अर्ज मागं घेतेय.

त्याच दुपारी तो वाडीत गेला. झुंबरबाई ओट्यावर बसली होती. तो शेजारी टेकला आणि खाली बघत सगळं बोलला. हौसरावांचं सांगणं, शिक्रापूरचे पाहुणे, सभेत हलवलेली मान. बोलून झाल्यावर त्यानं वर बघितलं. झुंबरबाई हसली आणि म्हणाली, “सुमैया बरी हाय ना? आन् लेकरं?”

सुलक्षणा दारात चहाची ताटली घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, “मामा, त्यांना न्हाई ऐकू गेलं.”

अयुबभाई उठला. पायात चपला घातल्या. सांगायचं ते सांगितलं, तिला कळलं नाही त्याला मी काय करू, असं क्षणभर वाटलं त्याला, आणि त्या वाटण्याचीच त्याला शिसारी आली. त्यानं सुलक्षणाच्या हातातली ताटली घेतली, कप खाली ठेवले, चिंचेखाली गेला आणि चमच्यानं ताटली बडवायला लागला.

“ऐका हो ऐकाऽऽ.”

हा आवाज झुंबरबाईला पोचला. ती काठी घेऊन उठली आणि काय सांगतोय हे कळायच्या आधीच जुन्या सवयीनं हाका मारायला लागली. “अगं बाहेर या, दवंडी आलीय, अयुब आलाय.” बाया आल्या, म्हातारे आले. तिनंच सगळ्यांना गोळा केलं.

“पंचायत फुटली त्या सभेची दवंडी वाडीत झाली न्हाई होऽऽ. अयुब मुलाण्यानं ती दिली न्हाई. हौसरावानं नको म्हटलं आन् मी आयकलं. दिली म्हणून खोटी मान हलवली. झुंबरबाईचे कान तवा चांगले व्हते होऽऽ.”

एक म्हातारा शिवी देऊन पुढं सरसावला, त्याला झुंबरबाईनं काठी आडवी घातली. मग ती अयुबभाईकडं वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

“दवंडी एका जागी देत्यात व्हय?”

त्यानं मारुतीपुढं दिली. मागच्या आळीला दिली. ती काठी टेकत मागून चालत होती. तिथून तिनं गावाकडं बोट दाखवलं आणि सुलक्षणाला गाडी काढायला लावली.

आम्ही दहिगव्हाणच्या पारावर बसलो होतो. हौसराव आमच्यातच होते, आता थकलेले, पण मधलीच जागा धरून. तेवढ्यात वेशीकडून आवाज आला. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून आम्ही हसलोसुद्धा, म्हाताऱ्याला काय हुक्की आली म्हणून. मग शब्द कळले आणि एकेकजण खाली बघायला लागला. वाडीचं कुणी आलं नाही, हे त्या सभेत सगळ्यांनाच दिसलं होतं.

अयुबभाईचा घसा बसला होता. शेवटचं वाक्य नीट निघालं नाही, ते त्यानं पुन्हा म्हटलं. हौसराव धोतर सावरून उठले आणि घराकडं वळले. झुंबरबाई सुलक्षणाच्या स्कूटीवरून उतरली आणि त्यांच्या वाटेत काठी टेकून उभी राहिली.

“हौसराव,” ती म्हणाली, “ऐकू आलं का?”