बंदोबस्ताच्या दिवशी आलेला ताप

ती सकाळ अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मी तेव्हा पुण्याच्या पूर्व भागात सहायक आयुक्त होतो. खराडीत एका मोठ्या कार्यक्रमाला मंत्री येणार होते आणि रस्त्याचा बंदोबस्त माझ्या हाताखालच्या एका ठाण्याकडे होता. सकाळच्या हजेरीला पटांगणात जेमतेम निम्मी माणसं उभी होती. बाकीच्यांनी सिक रजा टाकली होती. कुणाला ताप, कुणाची कंबर धरलेली, कुणाला जुलाब. ठाणे अंमलदार एकेकाचं कारण वाचत होता आणि शेजारी उभ्या असलेल्या वरिष्ठ निरीक्षकांचा चेहरा लाल होत चालला होता.

इतर ठाण्यांतून माणसं मागवून बंदोबस्त कसाबसा निभावला. वाघोलीकडून येणारी वाहतूक तुंबली, लोकांनी मनसोक्त शिव्या घातल्या, मंत्री आले आणि गेले. मग उपायुक्तांनी मला बोलावलं. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवून एक ऑडिओ क्लिप लावली. आदल्या दिवसापासून ती पोलिसांच्या ग्रुपवर फिरत होती. बाईचा आवाज होता, थोडा दबका.

"कित्येक महिने साप्ताहिक सुट्टी नाही. रजा मागितली की 'बघू'. पोरं उठायच्या आधी जायचं, पोरं झोपल्यावर यायचं. भाजी तिसऱ्यांदा गरम करायची वेळ येते. संघटना काढता येत नाही, मान्य. पण ताप तर येऊ शकतो ना? बंदोबस्ताच्या दिवशी सगळ्यांना एकदम येऊ द्या."

उपायुक्त वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, हुशार, कामाला पक्के. पण त्या दिवशी त्यांना वरून सारखे फोन येत होते.

"पोलिसांना संघटना करता येत नाही, संप करता येत नाही. हा सरळ सरळ संप आहे," ते म्हणाले. "मला नाव हवंय. उद्या संध्याकाळपर्यंत. बडतर्फीचा प्रस्ताव मी स्वतः पाठवणार."

नाव मिळायला वेळ लागला नाही. वरिष्ठ निरीक्षकांचा एक भरवशाचा हवालदार होता. ठाण्याच्या गोपनीय शाखेत काम करायचा, म्हणजे हद्दीतली कुजबुज गोळा करून साहेबांच्या कानावर घालायची. त्याने मला बाजूला घेऊन एका महिला शिपायाचं नाव सांगितलं.

"आवाज तिचाच आहे, साहेब. मागच्याच आठवड्यात रजेवरून मोठ्या साहेबांशी तिची वादावादी झालीय. सगळ्यांनी पाहिलंय."

वादावादी खरी होती. मुलीला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून तिने एका दिवसाची रजा मागितली होती. निरीक्षकांनी भर ठाण्यात विचारलं होतं, "पोलिसात भरती झालात की बालवाडीत?" त्यावर तीही बोलली होती.

मी तिला माझ्या कार्यालयात बोलावलं. तिशीच्या आतली, सडपातळ, गणवेश कडक इस्त्रीचा. मी क्लिप लावली.

"आवाज तुमचा आहे?"

"नाही, साहेब."

"मग कोणाचा?"

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"ते मला विचारू नका, साहेब."

"तुमची नोकरी जाईल, कळतंय ना? चौकशीसुद्धा न होता जाईल."

"कळतंय."

बरोबर बसलेले निरीक्षक टेबलावर हात आपटून म्हणाले, "नाटकं बंद करा! कबूल करा!" ती दचकली, पण बोलली नाही. मी निरीक्षकांना बाहेर थांबायला सांगितलं. ते त्यांना आवडलं नाही. दार मिटलं तरी ती गप्पच. चोर-दरोडेखोरांकडून कबुली काढण्यात माझी हयात गेली होती, पण तो गणवेश समोर बसलेला असताना माझे नेहमीचे प्रश्न मलाच जड जात होते. उपायुक्तांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नाव सांगत नाही म्हणजे तीच आहे." आवाजाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू म्हटलं, तर अहवाल यायला फार वेळ लागतो, तेवढा धीर वर कुणाला नाही. बडतर्फीच्या आधी निलंबनाचा आदेश टाईप व्हायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी ती क्लिप पुन्हा ऐकत होतो. आमच्या सौ. पोहे परतत होत्या. न वळताच म्हणाल्या, "ही पोलीस नाहीये. पोलिसाची बायको आहे."

"कशावरून?"

"भाजी तिसऱ्यांदा गरम करावी लागते, असं म्हणतेय ती. जो ड्युटीवर असतो त्याला गरम ताट मिळतं. ते कितव्यांदा गरम झालंय हे त्याला कुठून कळणार? तुम्हाला कळलं होतं कधी?"

मी चहा तसाच ठेवून निघालो.

पोलिसाची बायको असेल, तर ती शिपाई आपली नोकरी पणाला लावून कुणाला झाकत होती? मी तिला परत बोलावलं आणि क्लिप न लावता विचारलं, "तुम्ही ड्युटीवर असता तेव्हा मुलगी कोणाकडे असते?"

पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

"साहेब, तो प्रश्न चौकशीत येत नाही."

मला एवढं पुरे होतं. पोलीस लाईनीत कोणाचं मूल कोणाकडे असतं हे काही गुपित नसतं. ठाणे अंमलदाराने फोनवरच सांगितलं. मुलगी शेजारच्या घरी असायची. ते घर त्या गोपनीय शाखेच्या हवालदाराचं होतं.

मी त्याला बोलावलं, दार लावलं आणि मोबाईल समोर ठेवला.

"ऐका."

"ऐकलीय, साहेब."

"परत ऐका."

पहिलं वाक्य संपायच्या आत त्याने मान खाली घातली. "बंद करा, साहेब," तो म्हणाला. "ती माझी मंडळी आहे."

त्याला पहिल्याच शब्दाला आवाज कळला होता. लाईनीतल्या बायकांच्या ग्रुपवर तिने क्लिप टाकली, कुणीतरी ती पुढे पाठवली आणि नवऱ्याच्या हातात मोबाईल आला तोवर ती शहरभर झाली होती. घाबरून त्याने जे पहिलं नाव सुचलं ते सांगितलं.

"ती शिपाई तुमच्या शेजारी राहते, हवालदार."

"माझी चौदा वर्षांची मुलगी आहे, साहेब. नोकरी गेली असती तर..."

"तिलाही मुलगी आहे."



आदेशावर सही व्हायच्या आत मी हवालदाराला घेऊन उपायुक्तांकडे पोहोचलो. हवालदाराची बायको आमच्या आधीच दाराबाहेर येऊन उभी होती. शेजारणीवर आळ आलाय हे तिला त्याच सकाळी लाईनीत कळलं होतं. साधी साडी, खांद्याला पर्स. आत आल्यावर ती बसली नाही.

"आवाज माझा आहे," ती म्हणाली. "त्या पोरीला सोडा."

"तुमच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो," उपायुक्त म्हणाले. "पोलिसांना चिथावणी देणं हा बाहेरच्या माणसासाठीही गुन्हाच आहे."

"करा की. यांनी तोंड उघडलं तर नोकरी जाते. मला कुठं नोकरी आहे? मी कोर्टात सगळं सांगेन." मग जरा थांबून तिने विचारलं, "साहेब, तुम्ही ती क्लिप कितीदा ऐकली?"

"बऱ्याचदा."

"मग त्यात मी काय मागितलंय ते सांगा बरं."

आम्ही सगळ्यांनी ती फक्त आवाज ओळखण्यासाठी ऐकली होती. उपायुक्तांनी निरीक्षकांना फोन लावून साप्ताहिक सुट्ट्यांचा तक्ता मागवला. निरीक्षक पलीकडून काहीबाही सांगू लागले. तक्ता नव्हताच.

कुणाचीही नोकरी गेली नाही. सिक झालेल्यांना ताकीद मिळाली. निरीक्षकांची नियंत्रण कक्षात रवानगी झाली. खोटी माहिती दिल्याबद्दल हवालदाराची खातेनिहाय चौकशी लागली आणि तो मुख्यालयात गेला. त्याच्या बायकोवर गुन्हा दाखल झाला नाही. सुट्टीचा तक्ता लागला, आणि पुढचे काही महिने तरी पाळला गेला.

ज्यांच्या हातात शस्त्र आहे त्यांनी संप करावा असं मला आजही वाटत नाही. पण खात्याने माणसांना तोंड उघडायची जागाच ठेवली नाही, तर तक्रार भलत्याच कुणाच्या तोंडून बाहेर येते आणि शिक्षा तिसऱ्याच्याच गळ्यात पडू पाहते. या केसने मला एवढं शिकवलं. पुढे मी जिथे गेलो तिथे आठवड्यातून एकदा शिपायांना समोर बसवून निरीक्षकांशिवाय बोलायला लावलं. काही वरिष्ठांना ते रुचलं नाही.

निवृत्तीनंतर ती शिपाई मला हडपसरच्या भाजी मंडईत भेटली. आता हवालदार झाली आहे. मी विचारलं, "नाव सांगून मोकळ्या झाला असता. भीती नाही वाटली?"

"वाटली ना, साहेब. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता." तिने मेथीची जुडी पिशवीत टाकली. "पण सकाळी मुलीला शेजारच्या वहिनींकडेच सोडायचं होतं."