दहा पौंडांची बाटली

हवालदार गोटीसोड्याची बाटली टॉवेलात गुंडाळून, हात लांब करून आणि तोंड फिरवून उघडायचे. सांगलीच्या स्टँडाजवळचा सोडावाला त्यांना लांबून बघितलं की आधीच हसायला लागे. घरी तर त्याहून वरताण प्रकार. फौजेच्या कँटीनमधून त्यांनी स्वतःच बायकोसाठी कुकर आणला होता, पण त्याची पहिली शिट्टी झाली की हा सहा फुटी माणूस ताटावरून उठून अंगणात जाऊन उभा राही. काकूंनी कुकर उतरवून झाकण काढलं की मगच आत. "बंद तोंडाच्या कंच्याबी वस्तूवर माजा इश्वास न्हाई," असं ते म्हणत.

ते मूळचे पलूसजवळच्या एका खेड्यातले. फौजेच्या वर्कशॉपात अठरा वर्षं गाड्या दुरुस्त करून आले आणि सांगलीत पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलं. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे. वर्कशॉपात एकदा वायूची बाटली फुटली होती, एवढंच ते सांगत. "शेजारी जोडीदार हुबा हुता," इथपर्यंत आले की पाना शोधायला उठत. पाना बहुतेक वेळा हातातच असे.

मी तेव्हा पंचविशीचा, वडिलांच्या हळदीच्या आडतीत बसणारा, आणि एका जुन्या काळ्या फियाटचा मालक. साल असेल चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर. सातारा-सांगलीकडचे आम्ही सहा-सात मोटारवेडे दर मे महिन्यात वाईला जमायचो आणि पसरणीचा घाट घड्याळ लावून एकेकजण चढायचो. बक्षीस काही नाही, फक्त वर्षभर मिरवायचं. लागोपाठ दोन वर्षं मी शेवटचा आलो होतो आणि सातारकरांनी मला बैलगाडी घेऊन ये म्हणून निरोप धाडला होता.

वायूची कल्पना हवालदारांच्याच तोंडून निसटलेली. लढाईच्या काळात विमानांवर काम केलेला एक म्हातारा फिटर त्यांना फौजेत भेटला होता. डॉक्टर रोग्याला गुंगी द्यायला जो वायू वापरतात, तोच इंजिनात सोडला की पेट्रोल जोरात जळतं आणि इंजिनाला जास्तीचा दम येतो, असं त्याने सांगितलेलं. मी महिनाभर त्यांच्या मागे लागलो. शेवटी ते हातातला बोळा फेकून म्हणाले, "मी न्हाई म्हनलं तर तू दुसऱ्या कुनाकडनं करून घेशील. त्यापरीस मी करतो. तू गाडी चालीव, भ्या माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

मला ही सोय फारच आवडली.

दवाखाना बंद करणाऱ्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी भरलेल्या दोन बाटल्या दिल्या. एक थर्मासएवढी, तिच्यावर पांढऱ्या रंगात 'तीन पौंड' लिहिलेलं. दुसरी माझ्या मांडीपर्यंत येणारी, तिच्यावर 'दहा पौंड'. हवालदार तीन दिवस त्या दोघींभोवती फिरत होते. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघ, चांगल्या कानाने ऐक, पुन्हा फडक्याने पूस. चौथ्या दिवशी त्यांनी धाकटी उचलली. मी अर्थातच थोरलीसाठी हटून बसलो.

"थोरलीनं ताकद वाढत न्हाई," ते म्हणाले. "ताकद नळीच्या भोकावर. थोरली नुस्ती जास्त येळ चालती. आन् जास्त येळ मिळाला की तू वायू सोडायच्या बटनावरचं बोट काढनार न्हाईस, आन् पिस्टन वितळंल. बाटली गाडी बघून घ्याची नसती गड्या, डायवरची हाव बघून घ्याची. आन् हिची मान बी मला पसंत न्हाई. तोटी झिजलीया."

मला वाटलं, भित्रा माणूस कारणं सांगतोय. कुकरला घाबरणाऱ्याचं काय ऐकायचं! निघायच्या दिवशी सकाळी ते घरी डबा आणायला गेले तेवढ्यात मी त्यांनी डिकीत जोडलेली धाकटी काढली आणि तिच्या जागी थोरली आडवी बांधली. नळी कशी जोडायची ते त्यांनीच तर मला शिकवलं होतं. बाटली उन्हात तापू नये म्हणून त्यांनी भिजवून ठेवलेलं पोतंच वरून गुंडाळलं.

ऊन मी म्हणत होतं. हवालदार मागच्या सीटवर, डिकीला पाठ लावून बसले होते. दर दहा मैलांनी विचारायचे, "पोतं वलं हाय न्हवं?" मी हो म्हणायचो. उंब्रजला चहाला थांबलो. गाड्यावर सात-आठ माणसं होती, शेजारी बैलजोडी. मी कप तोंडाला लावतोय तोवर ते पाण्याची बादली घेऊन डिकीकडे गेले. झाकण उघडल्याचा आवाज आला, पण पाणी ओतल्याचा नाही. मी वळून पाहिलं. पोतं खणखणीत कोरडं होतं आणि त्यातून थोरलीची मान बाहेर आलेली.

"ही कवा घातलीस?"

"हवालदार, दहा पौंड तर आहे," मी हसत म्हणालो. "टायरात आपण चोवीस पौंड घालतो. त्याच्या निम्मीसुद्धा नाही."

त्यांनी बादली हलकेच खाली ठेवली. "आरं त्ये वजन हाय," ते अगदी हळू म्हणाले. "साखरंवानी. दहा पौंड वजनाचा वायू. दाब आत हजाराच्या घरात आसंल, आन् उनानं चढतच चाललाय."

हजार. मी तीन तास हजार पौंडांना त्यांच्या पाठीशी टेकवून आणलं होतं.

त्यांनी आवाज चढवला नाही. चहावाल्याला, गिऱ्हाइकांना, बैलांनासुद्धा रस्त्यापलीकडे घालवलं. मला म्हणाले, "तू त्या लिंबाखाली जा. मागं बघू नगं." मी बघितलं. सोड्याची बाटली टॉवेलात गुंडाळणारा तो माणूस डिकीत वाकून, त्या बाटलीवर आईने तापल्या पोराला पुसावं तसं पाणी पिळत होता. खूप वेळ. मग वाऱ्याची दिशा बघून त्यांनी इंजिनाकडची नळी सोडवली आणि झिजलेली तोटी केसाएवढी फिरवली. सूं असा आवाज सुरू झाला तो संपेचना. मी देवाला काय काय बोललो ते आता आठवत नाही. एवढंच आठवतं की त्यांचा चांगला कान त्या तोटीपासून हातभरावर होता, आणि तोच कान जाईल असं मला सारखं वाटत होतं.

आवाज थांबला. ते मागे सरकले, खाली बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या वायूने माणसाला हसू येतं म्हणतात. वायूने हसले की सुटलो म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

आम्ही वाईला गेलोच नाही. परतीच्या वाटेवर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "चूक माझी हाय. रोज तुझ्यासमोर हवंला पौंड म्हनत आलो. तू तरी दुसरं काय समजनार?" मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडच्या पत्र्यावर रंगवलेल्या टायरांच्या हवेच्या आकड्यांपुढचा 'पौंड' शब्द खरवडून तिथं 'दाब' लिहिलं. गिऱ्हाईक म्हणे, "हवालदार, चोवीस पौंड हवा मारा." हे म्हणत, "चोवीसचा दाब," आणि मगच नळी हातात घेत. लोक चिडवायचे. मी नाही चिडवलं.

पुढे चार वर्षांनी ते गेले, साध्या तापाने. खबर मिळाली तेव्हा त्यांच्या गावी दिवसकार्यही उरकलं होतं. मी गेलो. काकूंनी फार न बोलता जेवायला थांबवून घेतलं आणि कुकर चढवला. मी सोप्यात त्यांच्या फोटोसमोर बसलो होतो. बोलायचं बरंच ठरवून आलो होतो. तेवढ्यात आत शिट्टी झाली. मी कधी उठलो ते मला कळलं नाही. भानावर आलो तेव्हा अंगणात होतो.

काकू तिथं आधीच उभ्या होत्या. पदराने हात पुसत त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमी बी व्हय?" त्या म्हणाल्या.