मोठं चाक कुठल्या अंगाला?

हसू नका म्हटलं तरी तुमी हसणारच, तवा सांगूनच टाकते. चांगल्या पळत्या गाडीचं वाटोळं मी माझ्या हातानं केलं, आणि तेही देवाचं नाव घेऊन!

मी म्हसवडची, दिली पलूसला. बांगलादेशची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मालक पलटणीत. धाकटे दीर, शिवाभावजी, सांगलीला विश्रामबागेत इंजिनेरी शिकत होते. त्यांच्या पोटाची आबाळ नको म्हणून सासूबाईंनी माझं लेकरू आपल्याकडं ठेवून मला तिथं खोलीवर धाडलेली. मालकांच्या दर पत्रात एक ओळ ठरलेली: ‘शिवाला जप, त्याला हाडं मोडून घ्यायची लय हौस हाय.’

आणि भावजींनी काय करावं? दोस्तांना घेऊन अंगणात एक बुटकी गाडी बांधली! जुन्या स्कूटरचं इंजिन, लोखंडी नळ्या, छप्पर न्हाई, दार न्हाई. कॉलेजच्या मैदानात गोल शर्यत, दहा फेऱ्या!

तीन दिवस भावजी नुसते कागदावर आकडे मांडतायत.

“भाकरी गार झाली, भावजी. एवढं काय हाय त्यात?”

“वैनी, मागली दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट हायती. सारखी ठेवली तर गाडी वळणावर अडती. भाईरच्या अंगाचं चाक मोठं पायजे. पण किती मोठं, तेच गणित सुटंना.”

“त्याला गणित कशाला?” मी निमुळता पितळी पेला आडवा करून फरशीवर ढकलला. पेला आपसूक गोल फिरला. बारीक बूड आत, रुंद तोंड भाईर. “दोन-तीन टायरं लावून बघा की. गाडीच सांगंल.”

पोरांनी तसंच केलं. एक टायर दोन बोटं मोठं बसवलं आणि गाडी अशी वळली, जशी दूधवाली म्हस गोठ्याकडं!

“माझी आठ पानं वाया गेली रं! वैनीलाच कॉलेजात घाला!” भावजी ओरडले.

झालं. त्या टायरात भरली नसंल एवढी हवा माझ्या डोक्यात शिरली.

शर्यतीच्या सकाळी भावजी आंघोळीला गेले. मी सहज गाडीकडं बघितलं, तर मोठं चाक उजवीकडं! अगं बया! मैदानाच्या मधोमध मारुतीचं देऊळ. देवाभोवती फिरायचं तर देव उजव्या हाताला, हे शेंबडं पोर सांगंल. म्हणजे उजवं अंग आतलं. तिथं बारकं चाक नको का? शिकल्या-सवरल्यांना एवढं कळंना?

शेजारच्या चंद्राक्काला बोलावलं. “आक्का, जरा गाडी उचलून धरा.”

“आगं, भावजींना इचार की!”

“इचारायचं काय त्यात? मारुतीला डाव्या हाताला ठेवून कोण फिरतं का?”

“ते बी खरंच!”

शेतावरच्या पंपाचे नट मीच खोलायची. पाना घेतला आणि चाकांची अदलाबदल केली. पोरं आली, गाडी ढकलत घेऊन गेली. कुणाचं ध्यान न्हाई.

मैदानात शिट्टी वाजली. गाड्या सुटल्या, आणि सगळ्याच्या सगळ्या देऊळ डाव्या हाताला ठेवून!

मी चंद्राक्काचा दंड धरला. “आक्का, ही तर सगळीच उलटी निघाली!”

“मग आता गं?”

“आता मारुतीच बघंल!”

पहिल्या वळणावर सगळ्या गाड्या डावीकडं वळल्या. आमची निघाली उजवीकडं! भावजी जीव खाऊन हँडल डावीकडं पिळतायत, आणि गाडी हट्टाला पेटलेली. मैदानाच्या कडेला कडब्याची गंज होती. गाडी भावजींसकट आत!

मी पदर खोचून पळत सुटले. मालकांच्या पत्रातली ओळ डोळ्यांपुढं नाचायला लागली. “भावजी! आवं भावजी!”

गंज हलली. आतनं एक शिंक आली, मग पाचोळ्यानं भरलेलं डोकं. “वैनी, धड हाय मी!”

मी आधी त्यांचे हात, पाय, कोपरं, गुडघे सगळं चाचपलं. साधा ओरखडा न्हाई! एवढं हलकं तर मला बाळंत झाल्यावरबी वाटलं नव्हतं.

दोस्तांनी गाडी ओढून काढली. “शिव्या, चाकं उलटी बसवलीस की रं!”

भावजींनी कपाळावर हात मारला. “माझ्याच हातनं झालं असंल.”

मी मनात म्हटलं, भावजी वाचले आणि मीबी वाचले.

दुपारी आणखी एक शर्यत होती. पोरं चाकं बदलायला बसली. एकानं पान्यावर जोर लावला, नट हलंना. दुसरा पान्यावर उभाच राहिला. तिसरा घामाघूम.

“रेड्यानं आवळलेत काय हे?”

भावजी सुखरूप दिसत होते, जीव भांड्यात पडलेला, आणि भान कुणाला राहतंय? मी पुढं झाले अन् पाना ओढून घेतला.

“सरका रं बाजूला! तुमच्या बापाच्यानंबी सुटायचे न्हाईत ते. टाच देऊन आवळलेत मी!”